उजव्या बरगडीखाली

आजारपणात दादाचं सगळ्यात आधी काय गेलं असेल, तर ते त्याचं बोलणं. ज्याच्या आवाजानं अर्धं शहर सकाळी जागं व्हायचं, रेडिओवर ज्याच्या गप्पा ऐकत लोक दाढ्या करायचे आणि मुलांचे डबे भरायचे, तो माणूस वाक्य सुरू करून मध्येच थांबायला लागला, आणि अर्धवट राहिलेलं वाक्य आपण कुठे ठेवलं असावं अशा चेहऱ्यानं खोलीभर बघत बसायला लागला. पोट टम्म फुगलं, हातपाय काटकुळे झाले, डोळे हळदीसारखे पिवळे पडले. यकृतानं काम सोडलं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोचते, असं डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, आणि ते समजून घ्यायला दादा सोडून घरचे सगळे हजर होते, कारण दादा तिथेच खुर्चीत बसून खिडकीच्या पडद्याशी हुज्जत घालत होता. दिवसा तो घोरायचा आणि रात्री टक्क जागा असायचा. अंगाला अशी खाज सुटायची की वहिनीनं घरातले कंगवे लपवून ठेवले, तर तो दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायला लागला. जेवणातलं मीठ बंद झालं होतं, पाणी मापानं मिळायचं, आणि पोट साफ राहावं म्हणून एक चिकट, गोडमिट्ट औषध सतत घशाखाली उतरवावं लागायचं. वहिनी अगदी मेटाकुटीला आली होती.

यकृताची एक गंमत असते. जिवंत माणसाच्या पोटातून त्याचा अर्ध्याहून मोठा तुकडा कापून घेतला, तरी काही महिन्यांत उरलेलं वाढतं आणि जवळजवळ पहिल्याइतकं होतं, आणि दिलेला तुकडाही नव्या जागी वाढून तिथल्या माणसाचा संसार चालवायला लागतो. नात्यातल्या सगळ्यांचे रक्तगट बघून झाले, कुणाचं वय आडवं आलं, कुणाची साखर, कुणाची बायको, आणि शेवटी उरली ती धाकटी.

धाकटी म्हणजे दादाची पाठची बहीण. चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी, सडसडीत अंगाची. शहराच्या सार्वजनिक तलावावर ती पोहायला शिकवायची. छपराखालचा, गरम पाण्याचा तलाव होता तो, आणि पाण्याला घाबरणारी मोठी माणसं खास तिच्याकडे पाठवली जायची. ती त्यांच्या पाठीखाली तळवा धरून म्हणायची, "अंग सोडून द्या, मी धरलंय," आणि आपल्या साहेबापुढेही न झुकणारे पुरुष तिच्या त्या एका तळव्यावर निमूट आडवे व्हायचे. दादाला तुकडा द्यायचा का, असं वहिनीनं चाचरत विचारलं तेव्हा ती म्हणाली, "विचारतेस काय? कापा आणि घ्या. नाहीतरी मी कधी पोटात काही ठेवत नाही." वहिनी हसता हसता रडली.

ऑपरेशन झालं आणि दादा अक्षरशः उगवला. दुसरा शब्दच नाही. डोळ्यांतला पिवळेपणा उतरला, पाय पुन्हा चपलेत मावायला लागले, आणि एके सकाळी त्यानं नर्सला तिच्या गावाचं नाव विचारून त्या गावावर जागच्या जागी एक विनोद केला, तेव्हा वहिनीनं देवाचे आभार मानले आणि मग बाहेर जाऊन त्या नर्सची माफी मागितली.

प्रत्यारोपण विभागात एक बाई होत्या. औषध देणं, तपासणं असं त्यांचं काही काम नव्हतं. आधी कसे जगत होतात आणि आता कसे जगताय, एवढंच त्या प्रत्येकाला विचारायच्या. जिने चढवतात का, जेवणाला चव लागते का, कामावर जावंसं वाटतं का, उगीच रडू येतं का. ऑपरेशनच्या आधी हे प्रश्न दादाला विचारले तेव्हा उत्तरं वहिनीनं दिली होती, कारण दादा त्या बाईंना शाळेतल्या मास्तरीणबाई समजून हात मागे बांधून उभा राहिला होता. आता मात्र त्यानं खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि म्हणाला, "बाई, मला दहापैकी अकरा द्या." बाईही हसल्या. मग त्यांनी धाकटीलाही तेच विचारलं, कारण देणाऱ्यांनाही विचारायची त्यांची पद्धत होती, आणि शेवटी म्हणाल्या, "राग येतो का?"

"कुणाचा?"

"कुणाचाही."

"छे," धाकटी म्हणाली, आणि तेव्हा ते खरंच होतं.

तिचं जगणं मात्र दहापैकी अकरा नव्हतं. पोटावर काटकोनासारखा व्रण होता आणि त्याच्याखालची कातडी दुसऱ्या कुणाची असावी तशी बधिर होती. उंचावरून सूर मारणं कायमचं बंद झालं. बुडणाऱ्या माणसाला काठावर ओढून घेताना आतून कळ यायची, म्हणून तलावाच्या व्यवस्थापकानं तिला पाण्यातून बाहेर काढून गळ्यात शिट्टी अडकवली आणि काठावर उभं केलं. सकाळभर कोरड्या कपड्यांत उभं राहून लोकांना पोहताना बघायचं म्हणजे तिच्यासाठी भरल्या पानासमोर उपाशी बसणं होतं. पण दादा वाचला होता ना, मग असू दे, असं ती मनाशी म्हणायची.

दादा पुन्हा रेडिओवर आला त्या सकाळी तलावाच्या टपरीवरचा रेडिओ तिनं मुद्दाम मोठा करायला लावला. आवाज तोच होता, उलट जरा जास्तच भरदार झाला होता. आजारपण कसं होतं ते त्यानं असं रंगवून सांगितलं की पोहणारेही काठाला येऊन ऐकायला लागले. मग तो थांबला. कुठे थांबायचं हे त्याला नेहमीच नेमकं कळायचं. आणि म्हणाला, "आज माझ्या आत जे चालतंय ते एका तरुण गिर्यारोहकाचं आहे, मित्रांनो. तो कड्यावरून पडला आणि मी उठलो. त्याचं नाव मला माहीत नाही. पण हल्ली मला उंचावर जावंसं वाटतं."

टपरीवाल्यानं डोळे पुसले. धाकटीच्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली.

त्याच दुपारी ती त्याच्याकडे गेली. दादानं तिला बघून हात जोडले, जसं काही चोरी करताना पकडलेल्या पोरानं आधीच शिक्षा कबूल करावी. "अगं, रागावू नकोस. लोकांना गोष्ट लागते. बहिणीनं दिलं, यात गोष्ट कुठे आहे? बहिणी देतातच."

आणि ती हसली. नंतर तिला त्या हसण्याचाच जास्त संताप यायचा.

गिर्यारोहक मात्र तिथे थांबला नाही. तो रोज सकाळी थोडा थोडा वाढत गेला. त्याला कॉफी आवडत नव्हती म्हणून दादानं कॉफी सोडली. त्याला पहाटेचं धुकं आवडायचं म्हणून दादाच्या डोळ्यांत धुकं बघितलं की पाणी यायचं. श्रोते फोन करून त्याच्याबद्दल असे बोलायचे जणू तो त्यांच्याच आळीतला मुलगा होता. धाकटीनं रेडिओ ऐकणं सोडलं, पण टपरीवाला इमानेइतबारे तिला सगळं सांगायचा.

मग एका रविवारी ती दादाकडे जेवायला गेली असताना दाराची घंटा वाजली. बाहेर करड्या स्वेटरमधली एक बाई उभी होती, हातात पिशवी घट्ट धरून. तिचा मुलगा डोंगरात गेला होता. कड्यावरून पडला तो. तिनं त्याचं जे देता येईल ते दिलं होतं, कुणाला गेलं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि रेडिओ ऐकल्यापासून ती जेवलेली नव्हती. हे सगळं तिनं उंबऱ्यातच, पायातले बूट न काढता सांगितलं.

दादाचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. त्या क्षणात खरं बोलता आलं असतं. धाकटीनं त्याच्याकडे बघितलं, वहिनीनंही बघितलं. आणि मग त्याच्या गळ्यात तो रेडिओचा आवाज आला. त्यानं बाईचा हात हातात घेतला, सावकाश आपल्या उजव्या बरगडीखाली ठेवला आणि म्हणाला, "इथे आहे तो."

बाई किती तरी वेळ तशीच उभी होती. "ऊब आहे," एवढंच पुटपुटली. धाकटी हातात काचेचा जग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका परक्या बाईचा हात आपल्या मांसावर आहे आणि ती दुसऱ्याच कुणासाठी रडते आहे, हे बघताना तिच्या व्रणाखालच्या बधिर कातडीला कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा काहीतरी जाणवलं.

बाई गेली. दादा खुर्चीत बसत म्हणाला, "बघितलंस? किती हलकी होऊन गेली बिचारी."

"दादा, ते माझं आहे."

"अगं, तुझं काय कमी झालं? तुझं तर भरून आलं की."

वहिनी ताटं उचलायला लागली. धाकटी पर्स घेऊन निघाली. बसची वाट न बघता ती चालत सुटली, आणि चालता चालता तिला कळलं की आपल्याला इतका राग आजवर कधी आलेलाच नव्हता. कानशिलं तापली होती, दात दातांवर होते. परत हवं, एवढंच तिच्या मनात घुमत होतं. दिलेलं सगळं परत हवं. पुलापाशी आल्यावर तिला थांबावं लागलं, कारण उजव्या बाजूला आत काहीतरी भरल्यासारखं, जड जड वाटत होतं. जेवण अर्धवट टाकून आलेल्या माणसाला तडस लागावी, हे काही खरं नव्हे, असं तिला वाटलं. पण वाटलं ते चांगलंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. दादाचे डोळे पिवळे झाले होते.

दवाखान्यात धावपळ उडाली. गोळ्या वाढवल्या, बदलल्या. सुईनं तुकड्याचा कण काढून तपासला. डॉक्टरबाईंनी अहवाल दोनदा वाचला. "पेशी निरोगी आहेत. शरीरानं परकं म्हणून नाकारलंय म्हणावं, तर तशी एकही खूण नाही. रक्त पोचतंय, पित्ताची वाट मोकळी आहे. फक्त ते काम करत नाहीये."

"म्हणजे?" वहिनीनं विचारलं.

"म्हणजे, बसून आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि आपल्याच तोंडून असा शब्द कसा गेला म्हणून ओशाळल्या.

देणारीचंही बघून ठेवू म्हणून त्यांनी धाकटीला यंत्राखाली झोपवलं. तिचं यकृत ऑपरेशनच्या आधी होतं त्याहून मोठं झालेलं होतं. डॉक्टरबाईंनी एका पडद्यावर दादाचं चित्र लावलं आणि शेजारच्या पडद्यावर तिचं. तिकडे तुकडा आक्रसत चालला होता, जखम नाही, गाठ नाही, एखादं माणूस आपलं सामान गुपचूप हलवत असावं तसा. इकडे भर पडत होती. "असं होत नाही," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी हात लांबवून एक पडदा बंद केला. दादाचा, ते धाकटीनं नीट बघून घेतलं.

पुढचं तिला कुणी शिकवलं नाही. एकदा तलावावर उभी असताना तिला उगीचच आठवलं, की लहानपणी तिला गोवर आला होता तेव्हा दादा पलंगाशी बसून सिनेमाच्या जाहिराती वाचून दाखवायचा, नायकाच्या, खलनायकाच्या, खलनायकाच्या कुत्र्याच्यासुद्धा आवाजात. तिला हसू आलं, आत काहीतरी सैलावलं. त्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला की रक्ताची तपासणी सुधारली आहे, दादानं जेवण मागून घेतलं. दोनच दिवसांत रेडिओवाल्यांनी गिर्यारोहकाचा जुना कार्यक्रम पुन्हा लावला, आणि टपरीवाल्यानं आवाज मोठा केला. ती सबंध रात्र दादा चौकटीला पाठ घासत होता.

तिला मजा आली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, तिला मजा आली. जो माणूस कधी कुणाच्या ऐकण्यातला नव्हता, तो आता तिच्या मनाच्या नुसत्या हेलकाव्यावर वर-खाली होत होता. ती आरशासमोर केस विंचरता विंचरता त्या बाईचा हात आठवायची आणि मग दुपारी फोनची वाट बघायची. कधी दयेनं गोवर आठवायची. लोकांना पाण्यावर धरायची तिची जन्माची सवय होती, आणि धरणाऱ्या हाताला कधी काढून घ्यायचं हेही पक्कं ठाऊक असतं. तिचा चेहरा या दिवसांत उजळला, व्रणाची कळ गेली, आणि व्यवस्थापकानं आपण होऊन तिला पुन्हा पाण्यात उतरू दिलं. प्रश्न विचारणाऱ्या बाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमची तब्येत किती छान झालीय!"

दादा पुन्हा दवाखान्यात होता. एका सकाळी ती आत शिरली तेव्हा त्यानं वहिनीला बाहेर पाठवलं.

"तू लिफ्टमधून बाहेर आलीस ना, की मला कळतं," तो म्हणाला. वाक्यं पुन्हा अडखळायला लागली होती. "इथे काहीतरी उठून बसतं. तुझ्याकडे तोंड करून."

"औषधांनी होत असेल तसं."

"काय हवंय तुला?"

"तुला माहीत आहे."

त्यानं मान डोलावली.

चाकांच्या खुर्चीवरून त्याला रेडिओ केंद्रात नेलं. धाकटी तलावावर, कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ऐकत होती. आवाज पातळ झाला होता, पण थांबण्याच्या जागा त्याला अजून नेमक्या माहीत होत्या. गिर्यारोहक नव्हताच, तो म्हणाला. हे माझ्या बहिणीचं आहे. मी भित्रा माणूस आहे, मला उपकार सोसत नाहीत, माझ्या बहिणीनं स्वतःला कापून मला दिलं आणि मी तिला पुसून टाकलं. तो हुंदका देऊन थांबला. कार्यक्रमातच करड्या स्वेटरमधल्या बाईचा फोन आला. ती "बरं," एवढंच म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. त्यानंतर मात्र फोन थांबेचनात.

धाकटीच्या डोळ्यांना धारा लागल्या. संपलं, तिला वाटलं. हेच तर हवं होतं. लोक टाळ्या वाजवत होते, व्यवस्थापक कुठूनसा फुलांचा गुच्छ घेऊन आला, टपरीवाल्यानं चहा पाजला. पाण्याला घाबरणारा तिचा एक जुना विद्यार्थी पोहत पोहत तिच्यापर्यंत आला, तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "असं सगळ्यांसमोर कबूल करायचं म्हणजे काय! केवढ्या मोठ्या मनाचा आहे हो तुमचा भाऊ!"

दुसऱ्या दिवशीची तपासणी आजवरच्यात सगळ्यात वाईट आली.

डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं की आता दुसरं ऑपरेशन झेलायची त्याची ताकद नाही, काही व्हायचं असेल तर ते या तुकड्यातूनच व्हायला हवं. वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती. धाकटीला बघून ती उठली नाही, नुसता तिचा पदर धरावा तसा तिच्या कोटाचा काठ धरला. "मला काही समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही. तुझ्या पाया पडते. आत जा आणि जे काय आहे ते मिटवून टाक. तो जाईल गं."

तो जाईल, हे शब्द धाकटीनं आजवर मनात आणलेच नव्हते. मजा कुठल्या कुठे पळाली. गोवर आठवला, जाहिराती आठवल्या, खलनायकाचा कुत्रा आठवला, तिनं जीव खाऊन सगळं आठवून बघितलं. आपला एकुलता एक भाऊ आहे हा, त्याला जे जमलं ते त्यानं केलं, आता पुरे झालं, असं तिनं दारापाशी उभं राहून स्वतःला बजावलं, आणि ते तिला पटलंसुद्धा.

खिडकीतून भरदुपारचं ऊन पलंगावर आलं होतं, आणि त्या उजेडात दादा उशीवर केवढासा दिसत होता. ती खुर्ची ओढून जवळ बसली. त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. डोळे भरून आले होते, ते खोटे नव्हते.

"दादा, मी माफ केलं तुला. अगदी मनापासून."

दादानं तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि उजव्या बरगडीखाली ठेवला. डोळे मिटले. दार ठोठावून आतून कुणी येतंय का याची वाट बघणाऱ्या माणसासारखा तो बराच वेळ, मन लावून ऐकत राहिला.

मग त्यानं डोळे उघडले आणि समजूत घालावी तितक्या हळू आवाजात म्हणाला,

"नाही केलंस."